मुलं मदतीला आली की वडी पडत नाही, लाडू बसतात: सुट्टीतल्या सोप्या गोडाच्या नेहमीच्या अडचणी आणि उपाय

एकटीने केली की नारळाची वडी झकास पडते. सुट्टीत मुलं ओट्याशी आली की तीच वडी कधी सैल राहते, कधी तिचा भुगा होतो. बेसनाचे लाडू डब्यात चपटे होऊन बसतात. सकाळी घट्ट असलेलं कस्टर्ड दुपारी वाढायला घ्यावं तर त्याला पाणी सुटलेलं. दिवाळी असो, नाताळ असो की मे महिना, ही तक्रार कानावर येतेच, आणि बहुतेक घरांत ती एकाच वाक्यावर संपते: "तू बाहेर खेळ जा, मी करते."

मला हे वाक्य फार खटकतं, कारण बिघाड मुलांमुळे होतो हे खरं नसतं. प्रमाण तेच असतं, कढई तीच असते, बदललेला असतो तो वेळ. गोडाच्या बऱ्याच पदार्थांत एक क्षण असा येतो की तेव्हा हात चालला पाहिजे. वडीचं मिश्रण कढई सोडतं तो क्षण, बेसनात साखर घालायचा क्षण, तळणीतून घाणा काढायचा क्षण. मूल मात्र नेमकं तेव्हाच "मी ढवळू?" म्हणतं. त्याला उलथनं दिलं, त्याचा हात धरला, स्टूल सरकवलं, एवढ्यात दीड-दोन मिनिटं गेली. मिश्रणाला तेवढं पुरतं.

म्हणून प्रत्येक पदार्थाचे दोन भाग करायचे: एक विस्तवावरचा, एक थंड. विस्तवावरचा भाग मोठ्यांनी शक्यतो मुलं यायच्या आधीच उरकायचा. थंड भाग मुलांचा, आणि तो पूर्णपणे मुलांचा, घाई न करता. कुठला पदार्थ निवडायचा हेही यावरच ठरवायचं: ज्याचा थंड भाग मोठा तो सुट्टीसाठी चांगला. आता एकेका पदार्थाचं बघू. सगळीकडे वाटी म्हटलं की घरातली एकच वाटी शेवटपर्यंत वापरायची. मुलं मोजायला बसली की हमखास दोन वेगळ्या वाट्या घेतात आणि तिथेच प्रमाण हलतं.

नारळाची वडी

दोन वाट्या नारळाचा चव, दीड वाटी साखर, अर्धी वाटी दूध आणि वेलची. नारळ खोवताना फक्त पांढरा भाग घ्या. करवंटीजवळची तपकिरी साल आली की वडीचा रंग मळतो, आणि मग तो झाकायला खाण्याचा रंग घालावा लागतो.

वडी पडते म्हणजे काय होतं ते एकदा समजून घेतलं की अर्धी भीती जाते. साखर दुधात आणि नारळाच्या ओलाव्यात विरघळते. पुढे पाणी उडत जातं, पाक घट्ट होत जातो. तो पुरेसा घट्ट झाला की निवताना साखर पुन्हा बारीक दाण्यांच्या रूपात धरते, आणि हे दाणे चवाला एकत्र बांधून ठेवतात. पाणी जास्त राहिलं तर दाणे धरतच नाहीत, वडी ओलसर राहते. पाणी फार उडालं तर दाणे कढईतच धरतात, आणि ताटात थापताना हाती रेतीच येते.

खूण अशी. मिश्रण कढईच्या कडा सोडून उलथन्याभोवती गोळा व्हायला लागतं. कडांना साखरेचा पांढुरका थर दिसतो. चिमूटभर बशीत टाका, निवू द्या, बोटांत धरून गोळी करा. गोळी झाली आणि बोटाला चिकटली नाही की गॅस बंद. मध्यम-मंद आचेवर याला साधारण बारा ते पंधरा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा या गोळीवर विश्वास ठेवा, कारण प्रत्येक नारळाचा ओलावा वेगळा असतो. गॅस बंद केल्यावर लगेच थापू नका. मिनिटभर ढवळत राहा. वरची चकाकी जाऊन मिश्रण जरा निस्तेज दिसायला लागलं की ताटात ओता. जाड बुडाची कढई असेल तर ती गॅसवरून उतरवून ढवळा. नाहीतर गॅस बंद असूनही तळाचं मिश्रण शिजतच राहतं.

यात मुलांचं काम कुठे? गॅस पेटवण्याआधी आणि थापून झाल्यावर. ताटाला तूप लावणं, वेलची सोलणं, पिस्त्याचे काप वेगळे करून ठेवणं, हे सगळं कढई तापायच्या आत झालं पाहिजे. थापल्यावर मिश्रण कोमट झालं की मुलांच्या हातात स्वच्छ धुतलेली फूटपट्टी द्या. आमच्या घरी भाचे कंपनी ताटाच्या एका कडेपासून सेंटिमीटर मोजून रेघा आखते, आणि कोपऱ्यातल्या तिरक्या तुकड्यांची वाटणी कशी करायची यावर मोठी चर्चा होते. कोमट असताना नुसत्या रेघा ओढायच्या. वड्या सुट्या करायच्या त्या पूर्ण निवल्यावर. याच क्रमात बऱ्याच घरांत चूक होते: गरम असतानाच वडी उचलली जाते, ती तुटते, आणि "पडली नाही" असा निकाल लागतो.

वडी सैल राहिली असेल तर आधी दोन तास थांबा. पुष्कळदा ती नुसती गरम असते. त्यानंतरही सुरीला चिकटत असेल तर सगळं परत कढईत घ्या, दोन-तीन चमचे मिल्क पावडर घाला आणि मंद आचेवर पुन्हा गोळा होईपर्यंत परता. भुगा झाला असेल तर तीन-चार चमचे दूध घालून मंद आचेवर गरम करा. साखर पुन्हा विरघळली, मिश्रण मऊ झालं की लगेच थापा. दोन्ही प्रकारांत वडी वाचते. पिवळी पडलेली वडी मात्र पांढरी होत नाही, कारण ती मोठ्या आचेवर साखर करपायला लागल्याची खूण असते. चवीला ती बहुधा चांगलीच लागते, तेव्हा केशर घालून वाढा.

डेसिकेटेड खोबरं वापरत असाल तर ते आधी पंधरा मिनिटं कोमट दुधात भिजवा, नाहीतर ते पाक पिऊन टाकतं आणि वडी कोरडी होते. फ्रीझरमधला चव उलट जास्त पाणी सोडतो. तो आधी बाहेर काढून पूर्ण सुटा होऊ द्या, आणि दूध निम्मं घ्या.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर मी वडीच्या वाटेला जात नाही. खोबऱ्याचे लाडू करते. दोन वाट्या डेसिकेटेड खोबरं आणि अर्धा डबा म्हणजे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतायचं, ताटात पसरून गार करायचं. हे मिश्रण तासभर तसंच राहिलं तरी काही बिघडत नाही. मुलं सावकाश लाडू वळतात, कोरड्या खोबऱ्यात घोळवतात, मधे उठून जातात, परत येतात. जराही पाक नसल्यामुळे भाजण्याची भीती नाही. मिश्रण हाताला चिकटलं तर आणखी दोन चमचे खोबरं, लाडू फुटला तर एक चमचा दूध, इतकंच.

बेसनाचे लाडू

बेसनाचे लाडू बसतात त्याला बहुतेक वेळा तीनच कारणं असतात: तूप जास्त, साखर गरम बेसनात पडली, किंवा लाडू हातात फार वेळ राहिला. मुलं असली की तिसरं कारण जोरात असतं. तूप तळहाताच्या उबेनेच वितळतं. मोठं माणूस एक लाडू चार-पाच दाबांत वळून खाली ठेवतं, मूल त्याला अगदी गोल करण्याच्या नादात मिनिटभर फिरवत बसतं. तूप सुटतं, लाडू चकचकीत दिसतो, आणि ताटात ठेवला की पसरतो.

प्रमाण: दोन वाट्या जाडसर बेसन, पाऊण वाटी पातळ तूप, एक ते सव्वा वाटी पिठीसाखर. बेसन मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं तरी भाजावं लागतं. सुरुवातीला ते जड आणि घट्ट असतं, उलथनं ओढावं लागतं. मग हळूहळू सैल होतं, तूप सुटतं, उलथनं हलकं फिरतं आणि खमंग वास घरभर जातो. इथे कंटाळा करून पाच मिनिटं वाचवली तर लाडू टाळूला चिकटतात आणि कच्चट लागतात. साखर घातल्यावर तो कच्चेपणा काढायचा उपाय उरत नाही, कारण मग भाजायला घेतलं की साखर वितळते. शेवटी एक-दोन चमचे दुधाचा हबका मारला की बेसन फसफसून फुलतं आणि लाडू रवाळ होतो. हबका मारताना वाफ उसळते, तेव्हा मूल ओट्यापासून लांब हवं.

माझा सल्ला असा की बेसन आदल्या रात्री भाजून, झाकून ठेवावं. सकाळी ते पूर्ण गार असतं, तूप थिजलेलं असतं. ते हाताने मोकळं करणं, पिठीसाखर चाळणं, गाठी शोधून फोडणं, वेलची-जायफळ मिसळणं आणि सगळं मळणं हा मुलांचा तासाभराचा खुराक आहे. मळता मळता हाताच्या उबेने तूप परत मऊ होतं आणि वळण्याजोगं मिश्रण तयार होतं. रात्रभरात काही बिघडत नाही. खमंगपणा टिकतो.

वळताना मुलांना लिंबाएवढे लहान लाडू करायला सांगा. हात कोरडे हवेत. पाण्याचा हात लावायची सवय असेल तर ती इथे मोडा, पाण्याने लाडूचं आयुष्य कमी होतं. दहा-बारा लाडवांनंतर मिश्रण चमकायला लागलं तर परात दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तेवढ्यात मुलं बेदाणे निवडतील. आधीच बसलेले लाडू असतील तर ते मोडून सगळं मिश्रण फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं गार करा, दोन-तीन चमचे कोरडं भाजलेलं बेसन किंवा बारीक भाजलेला रवा मिसळा आणि पुन्हा वळा. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत मी तूप पहिल्यापासून दोन चमचे कमीच घेते. लागलं तर वाढवता येतं, काढता येत नाही.

एक काळजी मात्र घ्या. न भाजलेलं बेसन मुलांना चाखू देऊ नका. कडू तर लागतंच, शिवाय कच्चं पीठ पोटासाठी चांगलं नाही, मग ते बेसन असो की मैदा.

कस्टर्ड पातळ का होतं

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिचं एक कारण असं आहे की ऐकल्यावर अनेकांना खरं वाटत नाही: चाटलेला चमचा.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च. उकळताना स्टार्चचे कण दूध शोषून फुगतात, म्हणून कस्टर्ड दाटतं. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, आणि त्याचं कामच स्टार्च तोडण्याचं आहे. मुलाने एक चमचा चाखला, चमचा चाटून पुसला आणि तोच परत पातेल्यात बुडवून आणखी एक घोट घेतला, की हे विकर सगळ्या कस्टर्डमध्ये शिरतं. कोमट कस्टर्डमध्ये ते झपाट्याने काम करतं, फ्रिजमध्ये हळू करतं, पण थांबत नाही. दुपारपर्यंत कस्टर्डचं दूध होतं.

मुलांना हे सांगून पटत नाही, दाखवलं की पटतं. दोन वाट्यांत सारखंच कोमट कस्टर्ड घ्या. एका वाटीत कोरडा स्वच्छ चमचा फिरवा, दुसरीत तोंडात घालून ओला केलेला. अर्ध्या तासाने दोन्ही वाट्या तिरक्या करा. एक संथ सरकतं, दुसरं वाहतं. हा प्रयोग केल्यापासून आमच्याकडची मुलं चाखायला वेगळी वाटी आणि वेगळा चमचा मागून घेतात, आणि आजोबांनी पातेल्यात चमचा घातला तर त्यांनाही अडवतात.

बाकी कारणं साधी आहेत. अर्धा लीटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर आणि तीन-चार चमचे साखर लागते. पावडर थंड दुधात कालवायची. गरम दुधात टाकली की गुठळ्या झाल्याच. गुठळ्या झाल्या तर गाळून घ्या. दाट झाल्यासारखं वाटलं की लगेच गॅस बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. दाट झाल्यावरही दोन मिनिटं सतत ढवळत उकळू द्यावं लागतं, तेव्हाच स्टार्च पूर्ण शिजतं आणि पिठूळ चव जाते.

फळं घालण्याबद्दल जरा सांभाळा. ताजा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, त्यांनी दुधाचे पदार्थ कडवट होतात. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने त्याचं विकर निकामी झालेलं असतं. संत्रं आणि आंबट द्राक्षं दूध फाडतात. केळं, सफरचंद, चिकू, पिकलेला हापूस, डाळिंबाचे दाणे ही भरवशाची फळं. ती कापणं हे मुलांचं काम: केळं आणि चिकू बोथट सुरीनेही कापले जातात. पण कापलेली फळं वाढायच्या अर्धा तास आधीच घाला, नाहीतर त्यांचं पाणी कस्टर्डमध्ये उतरतं आणि केळं काळं पडतं.

पातळ झालेलं कस्टर्ड परत दाट करता येतं. फळं नसतील तर ते पुन्हा उकळा, त्याने विकर निकामी होतं. पण तुटलेलं स्टार्च काही जुळत नाही. म्हणून उकळताना एक-दोन चमचे पावडर थंड दुधात कालवून नव्याने घाला आणि दोन मिनिटं शिजवा. फळं पडून गेली असतील तर हा उपाय सोडा, त्याचा वेगळा उपयोग शेवटी सांगते.

कुलकुल

नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर करायला याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी सगळं घर टेबलाभोवती बसून कुलकुल वळतं. पिठाची गोटीएवढी गोळी काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. वर रेघा उमटतात, शिंपल्याचा आकार येतो. काही घरांत याच कामासाठी वेगळा ठेवलेला नवा कंगवा वापरतात. लहान बोटांना हे काम मोठ्यांपेक्षा छान जमतं. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे गोडाचं ताट जातं, त्याला कोंसुआद म्हणतात, आणि त्यात कुलकुल असतातच.

दोन वाट्या मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, पाव वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि मळायला नारळाचं दूध, साधारण अर्धी वाटी, लागेल तसं. पारंपरिक कृतीत अंडंही घालतात. पण नको म्हटलं तरी मुलं मळताना बोटं चाटतात, म्हणून त्यांच्याबरोबर मी बिनअंड्याचंच पीठ करते. मोहन मोठ्यांनी घालायचं. पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं.

अडचणी तळताना दिसतात, पण त्यांचं मूळ आधीच्या कामात असतं. तेलात कुलकुल उलगडले तर पीठ वळता वळता सुकलं आहे. मुलांच्या पुढ्यात एका वेळी दहा-पंधरा गोळ्याच द्या, बाकी पीठ ओलसर फडक्याखाली ठेवा, आणि गुंडाळल्यावर शेवटची कड बोटाने चिकटवायला शिकवा. कडेला दुधाचं बोट लावलं तरी चालतं. तेलात विरघळल्यासारखे पसरले तर मोहन किंवा साखर जास्त झाली. दोन-तीन चमचे मैदा मळून घ्या, वीस मिनिटं ठेवा आणि आधी एकच तळून बघा. दगडासारखे कडक झाले तर मोहन कमी पडलं किंवा पीठ फार तिंबलं गेलं. मुलांना मळायला दिलं की ते थांबत नाहीत, तेव्हा मळायचं काम पाच मिनिटांत काढून घ्या. बाहेरून लाल आणि आत कच्चे राहिले तर तेल फार तापलं किंवा वळी जाड झाली. पिठाचा कण तेलात टाकला की तो आधी खाली जाऊन सावकाश वर यायला हवा, लगेच उसळून आला तर आच कमी करा.

मुलांच्या हातचे कुलकुल लहान-मोठे होतात, आणि एकत्र तळले की बारके करपतात. वळतानाच दोन ताटं करा, एक मोठ्यांचं, एक बारक्यांचं, आणि वेगळे घाणे तळा. वाटणी मुलंच करतील. तळणीच्या वेळी मात्र मुलं स्वयंपाकघराबाहेर. यात तडजोड नको. हाच न्याय शंकरपाळ्यांना, तिथे वळण्याऐवजी कातण्याने कापणं हा मुलांचा भाग.

श्रीखंड

याची एकच नेहमीची तक्रार: पाणी सुटतं. साखर पाणी ओढून घेते, आणि चक्क्यात दह्याचं पाणी उरलेलं असेल तर ते सगळं वर येतं. दही साईसकट दुधाचं, घट्ट लागलेलं घ्या आणि कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगा किंवा चाळणीत वजनाखाली ठेवा. बाहेर टांगलं तर पाणी निथळतं, पण दही आंबट होत जातं. चक्का बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला की झाला.

साखर चक्क्याच्या वजनाच्या पाऊण पट पुरते. चक्का आणि साखर मिसळून तासभर ठेवा, मग पुरणयंत्र मुलांच्या हाती द्या. एकाने यंत्र धरायचं, एकाने दांडा फिरवायचा. खालून श्रीखंड गुळगुळीत उतरताना मुलं हटत नाहीत. पुरणयंत्र नसेल तर बारीक चाळणी आणि वाटीचा तळ. केशर एकाच चमचा दुधात भिजवा, त्याहून जास्त दूध घालू नका. आम्रखंड करायचं तर आमरस आधी मंद आचेवर आटवून, गार करून मग घाला. सैल झालंच तर परत कापडात बांधून दोन-तीन तास टांगा. थोडी साखर पाण्याबरोबर जाईल, तेवढी नंतर घाला.

जे मुलांबरोबर करूच नये

चिक्की, पाकातले रव्याचे लाडू, गुळाच्या गरम पाकातला तिळगूळ. यांत थंड भागच नाही. पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, म्हणून त्याचं भाजणं खोल जातं. कुणाला भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहरा-हाताचा पंजा भाजला असेल तर डॉक्टरांकडे जा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे, काजू लावलेले लाडू देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट करून घाला. तिळगूळ मुलांबरोबर करायचाच तर भाजलेले तीळ, दाण्याचं कूट आणि मऊ चिकीचा गूळ खलबत्त्यात कुटून वळा. पाक लागत नाही, आणि कुटायला मुलांना आवडतं.

बिघडलेलं टाकू नका

मुलांनी केलेलं त्यांच्या डोळ्यांदेखत टाकलं की पुढच्या वेळी ती ओट्याशी येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सैल नारळाचं मिश्रण करंजीचं किंवा गोड पोळीचं उत्तम सारण होतं. भुगा झालेली वडी गार दुधात घालून मिक्सरमधून काढा, वेलची घाला, गाळून प्यायला द्या. वळत नसलेलं बेसन डब्यात भरून ठेवा आणि गरम पोळीत तुपाबरोबर भरून गुंडाळी करा. फळं पडलेलं पातळ कस्टर्ड साच्यांत ओतून काडी लावून गोठवा. फुटलेले कुलकुल दुधात भिजवून सकाळच्या न्याहारीला खपतात. आणि श्रीखंडाला फारच पाणी सुटलं असेल तर त्यात दुप्पट ताजं, गोडसर ताक, जायफळ, वेलची आणि केशर घालून रवीने घुसळा. ते पीयूष होतं. घुसळायला पुन्हा मुलांनाच बोलवा, आणि फ्रिजमध्ये गार करून त्याच दिवशी संपवा.